आमची वाटचाल : चौदा तासांचा अंधार

"झाडं कच्ची होती, म्हणून कळ्या गळल्या." आमच्या हिशेबाच्या वहीत एका हंगामाच्या पानावर हे वाक्य खरेदीदाराच्या हस्ताक्षरात आहे. त्याखाली कापून घेतलेल्या रकमेचा आकडा आहे. ती रक्कम आजवर आली नाही. त्या वाक्याला आमचं उत्तर मात्र तयार आहे, आणि ते एकदा नीट लिहून ठेवायचं म्हणून हा लेख.

आमची नर्सरी एकाच झाडाची. हिवाळ्यात फुलणारा निवडुंग, श्लुम्बर्गेरा. एका मातृझाडाच्या छाट्यांवर सुरुवात झाली, पुढे बाकं वाढली, माल वेळेवर उठत गेला. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही.

निवडुंग म्हटलं की लोक वाळू आणि कडक ऊन धरून चालतात. हे झाड मूळचं आग्नेय ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांतलं. रिओजवळच्या सेरा दोस ऑर्गाओसमध्ये ते झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या खाचांत, दमट सावलीत वाढतं. तिथे मुळांना मिळतो तो थोडासा पालापाचोळा आणि भरपूर हवा. आमचं मिश्रण त्यावरूनच ठरलं : तीन भाग कोकोपीट, दोन भाग परलाइट, एक भाग चाळलेली साल. सामू 5.5 ते 6.2. कोकोपीट धुऊन, कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून, पुन्हा धुतल्याशिवाय वापरत नाही. त्यातलं सोडियम आणि पोटॅशियम आधी निघालं नाही, तर पुढे झाडाला मॅग्नेशियम उचलता येत नाही, आणि हे झाड मॅग्नेशियमचं भुकेलं आहे. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा लिटरला एक ग्रॅम एप्सम सॉल्ट देतो, तेही खताच्या पाण्यापासून वेगळ्या दिवशी. कॅल्शियम नायट्रेटच्या घट्ट द्रावणात ते मिसळलं, तर तळाला पांढरा जिप्सम बसतो आणि दोन्ही वाया जातात.

छाटा दोन ते तीन पेरांचा घ्यायचा. कात्री लावत नाही. सांध्यावर धरून पीळ दिला की पेर स्वच्छ सुटतं. एक-दोन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यायची, मग खालचं पेर जेमतेम एक तृतीयांश आत जाईल एवढंच खोचायचं. खोल खोचलेला छाटा कुजतो. 10 सेंटिमीटरच्या कुंडीत तीन छाटे. 21 ते 24 अंशांत तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. मातीच्या रेषेवर नारिंगी-तपकिरी ठिपका दिसला, की ती कुंडी मिश्रणासकट बाहेर जाते. ती फ्युझेरियम नावाची बुरशी असते. तिच्यावर औषध मारत बसणाऱ्यांची शेजारची दहा झाडंही जातात.

आता झाडांना अंधार द्यायला ओढतो त्या काळ्या कापडाबद्दल. आमच्या सगळ्या अवजारांत हे कापड पहिलं. पाण्यातले क्षार मोजणारा ईसी मीटर बिघडला तर आठवडा निघतो, कापडाला भोक पडलं तर हंगाम निघत नाही. श्लुम्बर्गेराला कळी धरायला लांब, सलग रात्र लागते. आम्ही संध्याकाळी 6 ते सकाळी 8 असा चौदा तास अंधार देतो, सलग सहा आठवडे, आणि त्या काळात रात्रीचं तापमान 16 ते 20 अंश ठेवतो. रात्री 24 च्या वर गेल्या, तर अंधार कितीही दिला तरी कळ्या विरळ येतात किंवा येतच नाहीत. उलट 10 ते 15 अंशांच्या थंडीत दिवस मोठा असूनही झाड कळी धरतं. त्यामुळे किमान-कमाल तापमापक बाकाच्या उंचीवर, झाडांमध्येच टांगलेला हवा. भिंतीवरचा आकडा झाडाला लागू नाही.

कापड दुपदरी आहे. दर हंगामाआधी एकजण भर दुपारी आत उभा राहतो, दहा मिनिटं डोळे सरावू देतो आणि जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण करतो. मग शिवण. कापड 6 च्या आधी ओढायचं नाही, कारण उतरतं ऊन काळ्या कापडावर पडलं की आत हवा तापते आणि उष्णतेने कळी यायला उशीर होतो. एका वर्षी दाराकडच्या बाकावरच कळ्या आल्या नाहीत. पाणी, खत, मुळं सगळं तपासलं, काहीच सापडलं नाही. शेवटी कळलं, की मध्यरात्री फेरी मारणाऱ्याचा दिवा दाराच्या फटीतून त्याच बाकावर पडत होता. संध्याकाळी उजेड थोडा रेंगाळला तर रात्र आखूड होते एवढंच. मध्यरात्रीचा उजेड रात्रीचे दोन तुकडे करतो, आणि झाडाच्या लेखी त्या दोन छोट्या रात्री असतात.

अंधार सुरू करायच्या वेळी टोकाची कोवळी, एक सेंटिमीटरहून लहान पेरं खुडायची. कोवळ्या पेरावर कळी बसत नाही, आणि ते मधे राहिलं तर फांद्या मागेपुढे फुलतात. खतातलं नत्र महिनाभर आधी तोडायचं. पाणी मात्र तोडायचं नाही. "फुलासाठी झाड तहानलेलं ठेवा" हा सल्ला जो कोणी पसरवला, त्याने घराघरांतल्या कळ्या गाळल्या आहेत. वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर कोरडा झाला की पाणी, आणि बशीत साचलेलं ओतून टाकायचं. आम्ही कुंडी काट्यावर ठेवतो : भिजल्यावरच्या वजनात एक तृतीयांश घट झाली की पाणी. हाताच्या अंदाजावर दोन माणसांचं कधी जमत नाही, काट्यावर जमतं.

एवढं सगळं करून त्या वर्षीचा माल तयार झाला होता. अंधार सुरू केल्यापासून फुलापर्यंत नऊ ते बारा आठवडे लागतात. गाडी भरली तेव्हा कळ्या दीड सेंटिमीटरच्या, टपोऱ्या, टोकाला रंग आलेला. हंगामातला निम्म्याहून जास्त माल एकाच खरेदीदाराचा होता. गाडी त्यांनीच ठरवलेली होती. बंद गाडी, दोन रात्रींचा प्रवास. आमच्या कुंड्या भरून झाल्यावर वाटेत उरलेल्या जागेत पिकत आलेल्या केळ्यांचे क्रेट चढवले गेले. हे आम्हाला नंतर, हमालाकडून समजलं.

तिकडे दार उघडलं तेव्हा गाडीच्या तळाशी कळ्यांचा सडा होता. झाडं हिरवीगार, पेरं ताठ, आणि फांद्यांची टोकं बोडकी. खरेदीदाराने माल परत पाठवला, परतीचं भाडं आमच्यावर टाकलं आणि वहीत ते वाक्य लिहिलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दोन मागण्याही रद्द झाल्या, कारण "कच्ची झाडं" हा शब्द आमच्या आधी तिथे पोचला होता. मजुरी थकली, शेडनेटचा हप्ता थकला. त्या महिन्यात नर्सरी बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं.

कच्चं झाड कसं असतं हे आम्हाला माहीत आहे. त्याची पेरं सुरकुततात, सांधे लुळे पडतात, मुळं तपकिरी होऊन बोटांत सोलली जातात. परत आलेल्या कुंड्यांपैकी वीस आम्ही उपटून पाहिल्या. मुळं पांढरी, पेरं भरलेली. मग बारा कळीदार कुंड्या घेतल्या. सहा एका बंद खोक्यात, पिकलेल्या केळ्यांच्या घडासोबत. सहा दुसऱ्या बंद खोक्यात, नुसत्याच. दोन्ही खोकी एकाच खोलीत, तीन दिवस. फळांशिवायच्या खोक्यात मोजून चार कळ्या खाली पडल्या होत्या. फळांसोबतच्या खोक्यात वर उरलेल्याच मोजाव्या लागल्या.

पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं. श्लुम्बर्गेराची कळी त्याला फार हळवी : वायू लागला की देठाच्या सांध्यात पेशींचा एक थर सुटतो आणि कळी गळते. झाडाला काही होत नाही. गाडीचा धूर आणि नीट न जळणारी शेगडी यांतूनही हाच वायू येतो. बंद जागा, उष्णता आणि लांबलेला अंधार यांनी नुकसान वाढतं. हे सगळं आम्ही दोन्ही खोक्यांसह खरेदीदारापुढे ठेवलं. त्यांनी खोकी पाहिली, केळी पाहिली, आणि हिशेब पूर्वीचाच ठेवला.

तो हंगाम निभावला तो एका काकूंमुळे. पहिल्या वर्षापासून त्या दरवर्षी दोन कुंड्या नेत, आणि त्यांच्याकडे आमची अगदी पहिली कुंडीही आहे. बोडकी झाडं पाहून त्या म्हणाल्या, "अहो, झाड ठणठणीत आहे. याला शांत रात्र द्या, दुसरं काही नको." अकरा कुंड्या त्यांनी पूर्ण भावाने नेल्या. मागच्या थंड खोलीत ठेवल्या आणि संध्याकाळनंतर तिथला दिवा लावायचा नाही असा घरात नियम केला. दहाव्या आठवड्यात अकरापैकी सात फुलल्या. सगळी पेरं नव्हे, पण बरीच. त्यांनी त्यातल्या दोन आमच्या दारात आणून ठेवल्या, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना त्याच दाखवत उरलेली झाडं आम्ही सुटी विकली.

तेव्हापासून गाडी आमची, किंवा माल जात नाही. आत 10 ते 15 अंश, सोबत फळ-फूल काही नाही, इंजिन चालू ठेवून चढ-उतार नाही, अंधारातला प्रवास दोन दिवसांच्या वर नाही. लांबच्या मालाला 1-एमसीपी नावाच्या वायूची धुरी देतो. इथिलीन ज्या जागी चिकटतं ती जागा हा वायू आधीच अडवतो. म्हणून तो बंद खोलीत आणि प्रवासाआधीच द्यावा लागतो. कळ्या सुटू लागल्यावर दिला तर उपयोग नाही. घरी नेणाऱ्यांनाही एवढंच सांगतो : फळांची टोपली, गॅसची शेगडी, कूलर-हीटरचा झोत यांपासून कुंडी दूर, खिडकीतल्या तिरप्या उजेडात. पेरं लालसर होऊ लागली तर ऊन जास्त होतंय किंवा मॅग्नेशियम कमी पडतंय. कुंडी दर तीन वर्षांनी बदलायची, तीही एकाच मापाने मोठी. मुळं दाटीत असली तर फूल जास्त येतं. काकूंच्या जुन्या झाडाला मोठी कुंडी द्यायचा मोह आम्हाला दोनदा झाला, त्यांनी ऐकलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

एक तक्रार अजून मनात आहे. आमच्या पाठोपाठ या धंद्यात आलेल्या एकाने वसंतात फुलणारा प्रकार हिवाळी म्हणून विकला, अंधार न देता, आमच्यापेक्षा कमी भावात. डिसेंबरात फूल नाही म्हणून लोक आमच्यावरही चिडले. फरक ओळखायला दोन मिनिटं लागतात. हिवाळी प्रकारांतल्या ट्रंकाटा जातीच्या पेराला कडेने टोकदार दात असतात, फूल एका बाजूला वळलेलं आणि परागकण पिवळे. त्यांतल्याच जुन्या बकलेई संकराचे काठ गोलसर, फूल लोंबतं, परागकण गुलाबी. वसंतातल्या प्रकाराचं फूल मात्र चांदणीसारखं चहूकडे सारखं उघडतं, आणि पेराच्या टोकाशी बारीक केस असतात. फूल नसताना पेरावरून ओळखा आणि मगच पैसे द्या.

सध्याची लढाई पिवळ्या जातींची आहे. दर थंडीत कोणीतरी गुलाबी झालेलं फूल घेऊन येतं आणि चुकीचा रंग दिला म्हणतं. रंग चुकीचा नसतो. कळी वाढत असताना तापमान 14 अंशांच्या खाली गेलं, की पिवळ्या आणि पांढऱ्या फुलांत गुलाबी उतरतो. आम्ही कुंडी ठेवून घेतो, 18 अंशांच्या खोलीत नेतो, आणि त्याच झाडावरची मागची कळी उमलली की बोलावतो. ती पिवळी असते.