आमची वाटचाल : मॉडेलपासून गच्चीपर्यंत

सुरुवातीला आमचं काम संगणकावरच संपायचं. नकाशे आले, इमारत किती तापेल हे काढणाऱ्या एनर्जीप्लस या सॉफ्टवेअरमध्ये तिचं मॉडेल उभं केलं, वर्षाचे ८७६० तास चालवले, रिपोर्ट दिला. आता बडोद्यातल्या उभ्या इमारतीचं काम असेल तर आधी तापमान नोंदवणारे लॉगर लागतात, त्यांच्याशी मॉडेल ताडून पाहतो, मगच रिपोर्टावर सही.

पहिली गफलत मॉडेलला लागणाऱ्या हवामानाच्या फाइलची. तयार मिळणारी फाइल नमुना वर्षाची असते. तिच्यातला जानेवारी एका सालचा, मे दुसऱ्या. तिच्याशी यंदाचा मे ताडून पाहणं म्हणजे शेजाऱ्याच्या पत्रिकेवर आपलं भविष्य बघणं. म्हणून बाहेरचं तापमान आम्ही त्याच गच्चीवर, हवेशीर पांढऱ्या कवचात मोजतो. हरणी विमानतळावरचा आकडा दांडिया बाजारच्या गल्लीत चालत नाही.

लॉगर आधी रात्रभर एका थर्माकोलच्या डब्यात एकत्र ठेवतो. बाकीच्यांपेक्षा ०.३ अंशाहून वेगळं दाखवणारा बाद. खोलीत १.१ मीटर उंचीवर, बाहेरच्या भिंतीपासून आणि उन्हापासून लांब, दर १० मिनिटांनी नोंद, निदान दोन आठवडे. मॉडेल मात्र त्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून चालवायचं. एनर्जीप्लस पहिलाच दिवस पुन्हा पुन्हा चालवून भिंती तापवतं, खऱ्या भिंतीत मागच्या आठवड्याचं ऊन मुरलेलं असतं.

वेळेचा घोळ तर हमखास. मॉडेलचा दुपारी तीनचा आकडा म्हणजे दोन ते तीनची सरासरी, लॉगरचा मात्र त्या क्षणाचा. तसेच शेजारी मांडले की मॉडेल अर्धा तास उशिरा तापताना दिसतं आणि लोक बिचारी भिंत पातळ करायला निघतात! लॉगरचीही तासाची सरासरी काढावी, प्रश्न मिटतो.

पुढे आलेखाचा आकार बघायचा. मॉडेल दुपारी जास्त तापतं, रात्री जास्त निवतं? आतल्या भिंती आणि सामानसुमान धरायचं राहिलं. रात्री मॉडेल गरमच राहतं? घरच्यांना विचारा, खिडक्या किती वाजता उघडतात. तळमजला सतत थंड दिसतो? जमिनीचं तापमान भरलेलं नसेल. न भरल्यास एनर्जीप्लस १८ अंश धरतं, बडोद्याच्या जमिनीला ते अजिबात लागू नाही. वरचा मजला चुकत असेल तर गच्चीच्या चायना मोझेककडे, म्हणजे पांढऱ्या फरशांच्या तुकड्यांकडे जा. मॉडेलमधला त्याचा रकाना ऊन शोषण्याचा आहे, परतवण्याचा नव्हे. ०.३ च्या जागी ०.७ लिहिलं की पांढरी गच्ची डांबराच्या वाटेला लागते. बरोबर लिहिलं तरी धूळ बसलेला मोझेक नव्यासारखा चमकत नाही, हेही धरावं लागतं.

मॉडेलची चूक टक्क्यांत मोजण्यावर आमचा भरवसा नाही. अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या गाइडलाइन १४ मधली तासावारी ३० टक्क्यांची मर्यादा ऊर्जेच्या वापरासाठी आहे. सरासरी ३३ अंशांच्या खोलीत तीन अंशांची चूक जेमतेम ९ टक्के भरते, म्हणजे पास! पण तीन अंशांत पंख्यावर भागणारी खोली एसीवर जाते. आमच्या रिपोर्टात चूक अंशांतच लिहिलेली असते, दुपारची वेगळी आणि पहाटेची वेगळी.