मामाची हार्ड डिस्क कमरेपर्यंत बुडाली तेव्हा

नाशिकला रविवार कारंजापाशी एका बोळात माझ्या मामाचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दशक्रियेची कार्डं, मंडळांची पावतीपुस्तकं असलं सगळं. मे महिना म्हणजे ऐन सीझन आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन, "अरे कॉम्प्युटर अडकतोय, पत्रिका उघडायला गेलं की पाच मिनिटं नुसतं गोल फिरत बसतं." म्हटलं व्हायरस असेल, संध्याकाळी येतो.

व्हायरस नव्हता. क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर, चालवलं तर पिवळा डबा आणि आत 'कॉशन'. 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर ३८ दिसत होतं, मी म्हटलं अडतीस, चला, फार नाही. मग आठवलं की हे सॉफ्टवेअर आकडे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत दाखवतं, म्हणजे ते ३८ खरे छप्पन्न. आणि मी चहा पिऊन परत बघेपर्यंत त्याचे एकाहत्तर झाले.

सेक्टर म्हणजे डिस्कवरचा एक छोटा कप्पा. पेंडिंग सेक्टर म्हणजे डिस्कला जी जागा वाचता आली नाही आणि जिचं काय करायचं ते अजून ठरलं नाही ती. त्या जागेवर पुन्हा काही लिहायची वेळ आली की डिस्क बघते जमतंय का, नाही जमलं तर राखीव साठ्यातला सेक्टर त्याच्या जागी लावते, आणि मग तो 'रिअॅलोकेटेड'च्या खात्यात जातो. दोनचार रिअॅलोकेटेड आहेत आणि वर्षभर तेवढेच आहेत तर मी घाबरत नाही. पण पेंडिंगचा आकडा डोळ्यासमोर चढतोय म्हणजे संपलं. (फक्त सीआरसी एररचा, म्हणजे डेटा केबलमधून जाताना होणाऱ्या चुकांचा आकडा वाढत असेल तर आधी केबल बदलून बघा, बऱ्याचदा डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबलच खराब असते. इथे तो शून्य होता.)

मामाला हे सगळं सांगून उपयोग नव्हता. म्हटलं, "मामा, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय." दुतोंड्या मारुती म्हणजे गोदावरीच्या पात्रातली मूर्ती, पूर किती चढला ते नाशिककर तिच्यावरून बघतात. त्याने हातातलं काम तिथल्या तिथे ठेवलं. २०१६च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा त्याचं दुकान भांडी बाजारात होतं, मारुती किती बुडाला की दुकानातलं काय उचलायचं हे त्या भागात कोणाला शिकवावं लागत नाही.

आणि हीच गोष्ट लोकांच्या डिस्कच्या बाबतीत डोक्यात शिरत नाही. आदल्या दिवशी एक रिपेअरवाला येऊन सांगून गेलेला, "रात्रभर चेकडिस्क लावून ठेवा, बॅड सेक्टर निघून जातील." अहो, पाणी आत यायला लागल्यावर कोणी दुकान झाडायला घेतं का? चेकडिस्क स्लॅश आर म्हणजे डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचणं, वर सापडलेल्या तुटक्या गोष्टी तिथल्या तिथे दुरुस्त करणं म्हणजे त्याच मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहिणं. त्यात ती गेली तर गेलीच. आधी माल बाहेर काढायचा, झाडझूड नव्या जागी.

मग नेहमीचा प्रश्न. "मामा, बॅकअप?"

"आहे ना. रोज घेतो. डी ड्राइव्हमध्ये."

डी ड्राइव्ह त्याच डिस्कचा अर्धा भाग. मी काही बोललो नाही, मामीने चहा आणला होता.

नवीन डिस्क टाकून नव्याने विंडोज का नाही टाकलं असं विचाराल, तर मामाच्या मशीनवर विंडोज सेव्हन आहे, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२०मध्येच संपला. त्यावर पानं जुळवायचं पेजमेकर ७, जो २००१ साली आला आणि त्यानंतर मोठी आवृत्ती आलीच नाही, चित्रं काढायचा एक जुना कोरल, मराठी टाइप करायची श्रीलिपी आणि तिचा डोंगल (यूएसबीत लावायची कुलपाची किल्ली), आणि वीस वर्षांत कुठून कुठून जमवलेले फॉन्ट. हे युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसणारे, नाहीयेत, फॉन्ट गेला की पत्रिकेतल्या 'चि. सौ. कां.'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. इन्स्टॉलेशनच्या सीड्या कुठायत विचारलं तर म्हणाला भांडी बाजारातच राहिल्या, म्हणजे गोदावरीत. तेव्हा क्लोनच, आहे तसं सगळं उचलून नव्या डिस्कवर.

दुसऱ्या दिवशी एमजी रोडवर जाऊन ४८० जीबीची एसएसडी घेतली आणि घरी येऊन स्वतःच्या कपाळावर हात मारला. जुनी डिस्क ५०० जीबीची! सेक्टरला सेक्टर क्लोन करायचं तर नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी पाहिजे, वीस जीबी कमी पडले तर शेवटचे वीस जीबी बसणारच नाहीत, भले डिस्क अर्धी रिकामी असो. चांगल्या डिस्कवर पार्टिशन (सी, डी असे डिस्कचे भाग) आधी लहान करून घेता येतं, पण तेही लिहिण्याचंच काम, मरणाऱ्या डिस्कवर नको. परत गेलो, वरचे पैसे भरून ५०० जीबीची आणली. गंमत म्हणजे ५०० लिहिलेल्या दोन्ही डिस्कवर सेक्टर अगदी सारखे निघाले, ९७,६७,७३,१६८. कंपनी वेगळी, वर्ष वेगळं, एकाचाही फरक नाही.

जुनी डिस्क काढून मामीच्या एका टॉवेलात गुंडाळली आणि रिक्षात मांडीवर घेऊन इंदिरानगरला घरी आणली, स्कूटरच्या डिकीत टाकायची हिंमत झाली नाही, आपले खड्डे माहितीयेत. माझ्या पीसीची स्वतःची डिस्क काढून ठेवली आणि या दोन्ही डायरेक्ट साटा केबलवर लावल्या. यूएसबी अडॅप्टरवर अशी डिस्क लावू नका, एक सेक्टर अडला की मधली चिप गांगरते आणि अख्खी डिस्कच गायब होते. आणि डिस्क टक् टक् वाजत असेल तर हे काहीच करू नका, बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, तो हेडचा, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागाचा आजार आहे. मामाची वाजत नव्हती.

पेनड्राइव्हवरून सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स चालू केलं, त्यात डीडीरेस्क्यू असतं. साध्या कॉपीत आणि यात फरक हा की साधी कॉपी खराब जागेशी अडून बसते. डीडीरेस्क्यू नाद सोडून पुढे उडी मारतं, आधी सहज निघणारा माल सगळा बाहेर काढतं, कुठे काय राहिलं ते एका मॅप फाइलमध्ये टिपून ठेवतं आणि मग मागे येऊन खराब पट्टे कडेकडेने कुरतडत बसतं. पहिल्या फेरीला कुरतडणं बंद ठेवायचा पर्याय द्यायचा, दुसऱ्या फेरीत तो काढायचा आणि वर तीन प्रयत्न सांगायचे.

कमांडमध्ये आधी जुनी डिस्क, मग नवी. उलटं झालं तर कोऱ्या डिस्कची कोरी कॉपी जुन्या डिस्कवर! आणि आता दोन्हींची साइज सारखी, म्हणजे साइजवरून ओळखायची सोय मीच घालवलेली. शेवटी सिरीयल नंबर कागदावर लिहून घेतले, तीनदा ताडले, बायकोला वाचायला लावले आणि मगच एंटर.

पहिली फेरी दोन तासांत संपत आली, नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के. आणि साडेआठला वारा सुटला, विजा, आणि लाइट गेली. माझा यूपीएस नुसता टूं टूं करतो, बॅटरी कधीच गेलीये.

अंधारात एकच विचार, मॅप फाइल कुठे ठेवली होती? लिनक्स पेनड्राइव्हवरून चालतं तेव्हा त्याचं होम फोल्डर रॅममध्ये असतं, तिथे फाइल ठेवली असेल तर लाइटबरोबर तीही गेली आणि मग पहिल्यापासून. पण मी ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवली होती, शहाणपणाने नाही, गेल्या वर्षी एका मित्राच्या डिस्कला हीच चूक केली होती म्हणून. लाइट आली पावणेअकराला. तीच कमांड परत दिली आणि जिथे थांबलं होतं त्याच्या आसपासूनच चालू झालं.

रात्रभर कुरतडत होतं. झोपलो तेव्हा ४१ एमबी बाकी होते, सकाळी ३१२ केबी. दोन तास आकडा हलला नाही तेव्हा थांबवलं.

नवी डिस्क दुकानातल्या मशीनला लावली, जुनी बाहेरच ठेवली. दोन्ही एकदम लावून चालू करू नका, दोघींची सही, म्हणजे विंडोज डिस्क ओळखतं तो नंबर, एकच असते आणि विंडोज एकीला ऑफलाइन करतं. आता मात्र चेकडिस्क चालवलं, नव्या डिस्कवर. विंडोजचं रेटिंगही (मशीनच्या वेगाचे गुण) परत काढलं, म्हणजे त्याला कळतं की ही एसएसडी आहे आणि ते दर आठवड्याचं डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइली एकत्र लावणं, बंद करतं.

मामाने डेस्कटॉप बघितला. तोच त्र्यंबकेश्वरचा फोटो, तेच दीडशे आयकॉन. "यात बदललं काय?" मग पत्रिका उघडली. ती लगेच उघडली, म्हणून बंद करून परत उघडून बघितली.

३१२ केबीत नेमकं काय गेलं ते शोधायला डीडीरेस्क्यूचाच एक प्रकार आहे, राहिलेल्या जागांत आपला एखादा शब्द भरायचा आणि मग तो शब्द कुठल्या फाइलींत सापडतो ते बघायचं. दोन फाइली निघाल्या. एक सनईची एमपीथ्री, एक कोरलमधली पत्रिका, एका जुन्या गिऱ्हाइकाची, त्यांच्या धाकट्याचं लग्न पुढच्या महिन्यात आणि त्यांना मोठ्याच्या वेळेसारखीच हवी होती.

मामा शिडी लावून माळ्यावर चढला. छापलेल्या प्रत्येक पत्रिकेचा एक नमुना तो सुतळीने बांधून ठेवतो, वर्षावर्षाचे गठ्ठे. तिसऱ्या गठ्ठ्यात सापडली. ती स्कॅनरवर ठेवून तो परत कॉम्प्युटरसमोर बसला आणि मला म्हणाला, "आता हे गणपतीचं चित्र मला पहिल्यापासून ट्रेस करायला लागणार, तू जाताना शटर अर्धं ओढून घे."