जन्मस्थळाचा रकाना

स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला नव्हता, काम दिलं होतं. माजी विद्यार्थ्यांची यादी करण्यासाठी शाळेच्या कार्यालयातली जुनी जनरल रजिस्टरं चाळायची होती. महापालिकेच्या करनिर्धारण खात्यात उभी नोकरी केलेल्या माणसाला रजिस्टरांचा कंटाळा येणार नाही, असा समितीचा अंदाज. तो बरोबर निघाला. यादी लांबत गेली आणि लेखच झाला. छडीच्या, गॅदरिंगच्या, मधल्या सुट्टीतल्या बोरांच्या आठवणी इतर मंडळी लिहितीलच. माझ्या वाट्याला रकाने आले.

ज्यांनी जनरल रजिस्टर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाड पुठ्ठ्याचं, आडवं, दोन हातांनी उचलावं लागेल असं हे बाड असतं. एका ओळीत एक मूल. नाव, जात, जन्मस्थळ, अंकी-अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, आणि शेवटी शाळा सोडल्याचं कारण. यातला जन्मस्थळाचा रकाना वरपासून खालपर्यंत नुसता वाचत गेलो तरी लालबाग-परळचा इतिहास हाती लागतो.

शाळेच्या पहिल्या काही वर्षांत त्या रकान्यात मुंबई जवळजवळ नाहीच. संगमेश्वर, लांजा, राजापूर, देवगड, सावंतवाडी. मग घाटावरचे पाटण, खटाव, जुन्नर. यात एक मेख आहे, ती आधीच सांगतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत होती, त्यामुळे बाप दहा वर्षं गिरणीत असला तरी मुलाचं जन्मस्थळ मामाचं गाव. तरीही प्रवेशअर्जांचे गठ्ठे सोबत ठेवून वाचलं की चित्र स्पष्ट होतं. एकाच चाळीतल्या एकाच खोलीचा पत्ता पाच-सहा वेगवेगळ्या आडनावांच्या मुलांपुढे दिसतो. आजच्या वाचकाला ती कारकुनी चूक वाटेल. ती गावकऱ्यांची खोली असे. गावच्या मंडळाने घेतलेली, ट्रंका भिंतीला, वळकट्या माळ्यावर, पहिल्या पाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा. बायका-मुलं बहुतेकांची गावीच. जेवण खाणावळवालीकडे. पोरगा शिकेल असं वाटलं तर त्याला तेवढा मुंबईला आणायचा, काकाच्या हवाली करायचा आणि आपल्या शाळेत घालायचा. 'पालकाचे नाव' या जागी वडिलांऐवजी चुलता, मामा, कधी नुसतं 'गाववाले' लिहिलेलं आहे.

साठच्या दशकाच्या शेवटाकडे रकान्यात 'मुंबई' दिसू लागते आणि सत्तरच्या दशकात तिने सगळं पान व्यापलेलं आहे. बायका आल्या, संसार आले, बाळंतपणं केईएमला किंवा वाडियात व्हायला लागली. माझी ओळही तिथेच आहे. आमची चाळ गणेश गल्लीच्या मागची, तिसरा मजला, दहा बाय बाराची खोली, मोरी आत आणि संडास गॅलरीच्या टोकाला सामाईक. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर. आई-बाबा, आम्ही तीन भावंडं, दोन काका. दुसऱ्या पाळीचे काका रात्री साडेअकराला आले की आम्हाला पाय पोटाशी घ्यावे लागत. भाडं इतकं कमी की आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, तिथूनच चाळीचं आयुष्यही ठरून गेलं. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना. १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळ काढलं आणि घरपट्टीसोबत उपकर लावला. तेव्हा मुंबई शहरात अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. हा आकडा मला पाठ आहे, कारण नोकरीतली पहिली काही वर्षं त्यातल्याच एका विभागाच्या देयकांवर गेली. लाकडी टेकू लावलेल्या जिन्यांवरून चढायची सवय असल्याने मला ते काम अवघड वाटलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, पुढची कहाणी सगळ्यांना माहीत आहे. मी रजिस्टरात काय आहे तेवढंच सांगतो. शाळा सोडल्याच्या कारणात एरवी 'पालकांच्या विनंतीवरून' किंवा 'एस.एस.सी. उत्तीर्ण' असतं. १९८२ च्या जूनपासून पुढे ओळीमागून ओळ 'गावी गेल्याने' असा शेरा आहे, एकाच निळ्या शाईत, एकाच वळणदार अक्षरात. त्या कारकुनांना ते दोन शब्द लिहिताना काय वाटत असेल कोण जाणे, पण अक्षर कुठेही बिघडलेलं नाही. काही मुलं पुढच्या वर्षी पुन्हा दाखल झालेली दिसतात. बरीचशी दिसत नाहीत. जे राहिले त्यांच्या अर्जांवर बापाचा व्यवसाय बदलला: गिरणी कामगार होता, तिथे फेरीवाला, हमाल, वॉचमन. आमच्या बाबांना संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही. ते अंधेरीला एका सोसायटीच्या फाटकावर बसले. थोरल्या भावाने कॉलेज सोडलं. आई शिलाई करायची. आमच्या वर्गातल्या कितीतरी घरांची हीच गत होती, म्हणून कोणी कोणाला सांगत नसे.

आता वादाचा मुद्दा. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कोणी शाळेचा जुना फोटो टाकला की हमखास एक वाक्य येतं: टॉवर आले, मराठी माणूस हद्दपार झाला आणि शाळा ओस पडली. मला हे अर्धंच पटतं, आणि माझ्यापाशी रजिस्टरांचा पुरावा आहे. तुकड्या कमी व्हायला लागल्या त्या टॉवरच्या आधी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. तेव्हा लालबागमध्ये गिरणीच्या चिमणीपेक्षा उंच काही नव्हतं. त्या वेळी लोकांना जावं लागलं ते खोली अपुरी पडत होती म्हणून. चार भाऊ, चौघांची लग्नं, खोली एक. धाकटे डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार असे पसरले. पागडीची खोली विकली तर मालकाचा वाटा देऊन जे उरे त्यात चौघांची वाटणी. आमच्या घरातही तेच झालं. मी डोंबिवलीकर झालो तो १९९० च्या दशकात, आणि मला कोणी हाकललं नव्हतं. दोन खोल्या आणि घरात संडास हवा होता.

टॉवरची भूमिका त्यानंतरची, आणि ती छोटी नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी कलम ५८ होतं. जमीन विकायची किंवा विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. तसं झालं असतं तर आज परळला मैदानं असती. २००१ मध्ये त्यात बदल झाला: वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जागेची, बांधकामाखालच्या जमिनीची नाही. गिरणी म्हणजे तर भिंतीला भिंत लागलेली शेड. मोकळी जागा ती किती! उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा बदल अडवला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मालकांच्या बाजूने निकाल दिला. ज्युपिटर मिलची जागा २००५ मध्ये २७६ कोटींना गेली तेव्हा कार्यालयात आम्ही तो आकडा दोनदा वाचला होता. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, घरं ६,९२५ आणि अर्ज दीड लाखाच्या घरात. बाबांचा अर्ज होता. नंबर लागला नाही.

चाळींचा पुनर्विकास हे वेगळं प्रकरण, लोक दोन्ही एकत्र करतात. त्याच नियमावलीच्या कलम ३३(७) खाली जुन्या उपकरप्राप्त इमारतीतल्या भाडेकरूला फुकट घर मिळतं. सुरुवातीला किमान २२५ चौरस फूट, आता ३००. बदल्यात विकासकाला वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, त्यातून विक्रीची इमारत. आमच्या चाळीची संमतीची सभा गणपतीच्या मंडपात झाली. मी खोली विकून गेलो होतो, तरी कागद वाचून दाखवायला मला बोलावलं होतं. नकाशा बघून तळमजल्यावरचे तात्या म्हणाले, "अरे, जिथं चूल तिथंच संडास?" त्यावर दुसऱ्या मजल्यावरची काकू ताडकन उठली. "तात्या, तुम्ही जा खाली रांगेत बादली घेऊन. आम्ही पन्नास वर्षं उभ्या राहिलो, आता नाही राहणार." सत्तर टक्के संमती लागत होती, काकूच्या त्या एका वाक्यावर ती मिळाली असं माझं मत आहे. चाळीच्या गॅलरीचं कौतुक करणाऱ्यांनी काकूचं म्हणणं एकदा ऐकायला हवं होतं.

आठ वर्षं त्यांनी संक्रमण शिबिरात आणि भाड्याच्या घरात काढली. मधली दोन वर्षं विकासकाने भाडं देणंच बंद केलं. काही म्हातारी माणसं त्या काळातच गेली, तात्याही. आज तिथे दोन इमारती आहेत, दोन फाटकं. पुढच्या रस्त्यावरून विक्रीच्या इमारतीचं, मागच्या गल्लीतून आमच्या लोकांचं. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, त्यामुळे कराचा भार नाही. पण लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा मेंटेनन्स पेन्शनीतून भरताना लोक मेटाकुटीला येतात. मग एक-एक घर भाड्याने जातं, विकलं जातं. सरकारी मालकीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीबदली ५०० फुटांचं घर मिळतंय. वरळीत पहिल्या चाव्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्या. डिलाईल रोडच्या बीडीडीतल्या आपल्या दोस्तांना माझं एवढंच सांगणं आहे की मेंटेनन्सचा हिशोब आजपासून मांडा.

आणखी एक गोष्ट, जी टॉवरकडे मान वर करून बघणाऱ्याला खरी वाटत नाही. इमारती चढल्या आणि माणसं घटली. १९८१ च्या जनगणनेत मुंबई शहराची, म्हणजे कुलाबा ते सायन-माहीम या जुन्या बेटाची, लोकसंख्या ३२.८५ लाख होती. २०११ मध्ये ३०.८५ लाख. त्याच काळात उपनगरं ४९.५८ लाखांवरून ९३.५७ लाखांवर गेली. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सातजण होतो. आता त्याच जमिनीवर हजार फुटांच्या फ्लॅटमध्ये तिघं, आणि शेजारच्या फ्लॅटला कुलूप. दिवसा मात्र गर्दी पूर्वीपेक्षा जास्त. गिरणी कामगार चालत कामावर जायचा, ऑफिसवाला लोकलने येतो, आणि त्याच्यासाठी स्टेशनचे जिने होते तेच जुने. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, ती या हिशोबापायी.

पण शाळेच्या पटाकडे परत येऊ. पुनर्विकासात जी मराठी कुटुंबं इथेच राहिली, त्यांची मुलं कुठे आहेत? ती रोज सकाळी टाय लावून आपल्या शाळेच्या दारावरून पुढे जातात. आपल्या बॅचच्या मेळाव्यात हात वर करायला सांगा, कोणाकोणाची मुलं मराठी माध्यमात शिकली. पट घसरायला हे कारणही टॉवरइतकंच मोठं आहे, आणि ते स्मरणिकेत छापलेलं चालणार नसेल तर संपादकांनी खुशाल कात्री लावावी.

आता गेल्या काही वर्षांची रजिस्टरं. जन्मस्थळाच्या रकान्यातून 'मुंबई' मागे सरू लागली आहे. जौनपूर, आझमगड, दरभंगा, नांदेड, लातूर, काही ठिकाणी नुसतं 'नेपाळ'. पालकाचा व्यवसाय: सुरक्षा रक्षक, घरकाम, ड्रायव्हर, डिलिव्हरी, इमारतीवर सेंटरिंग. पत्ते बघितले तर पुनर्विकासाची वाट बघत पडलेल्या चाळींमधल्या पोटभाड्याच्या खोल्या, एखाद्या टॉवरच्या पंपरूमशेजारची जागा, आणि थेट दिवा-मुंब्रा. आई कामाला येते तेव्हा लेकराला सकाळच्या लोकलने सोबत आणते. एका खोलीच्या पत्त्यावर पुन्हा चार वेगळी आडनावं आहेत. पालकाच्या जागी एकदा चाचा, दोनदा मामा.

ही मुलं 'बाहेरची' आहेत असं मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत एकजण म्हणाला. त्याचं जन्मस्थळ मी त्याच आठवड्यात पाहिलं होतं: तालुका देवगड. पहिलीच्या बाई सांगत होत्या, मुलं दिवाळीपर्यंत मराठी बोलायला लागतात, लिहिणं जमायला मात्र दोन वर्षं जातात. आमच्या वेळच्या बाईंना 'मी इलंय' म्हणणारी मालवणी पोरं आणि कोल्हापूर-साताऱ्याकडची पोरं एका बाकावर बसवून पुस्तकातली भाषा शिकवावी लागली होती, तेव्हा किती वर्षं लागली ते विचारायला त्या आता नाहीत.

समिती निधी जमवते आहे तो सभागृह वातानुकूलित करायला. माझा विरोध नोंदवून ठेवतो. तुकड्या बंद झाल्यापासून तळमजल्यावरचे दोन वर्ग कुलूपबंद आहेत, त्यात मोडके बाक ठेवलेत. ते रात्री दहापर्यंत अभ्यासिका म्हणून उघडावेत. खर्च म्हणजे ट्यूबलाइट, पंखे, पिण्याचं पाणी आणि संध्याकाळी बसायला एक पगारी माणूस. शेजारच्या चार-पाच शाळांची मुलंही येतील, येऊ द्यावीत. दहावीच्या वर्षी आम्ही शाळेच्या जिन्यात दिव्याखाली अभ्यास केला, कारण शिपाई मामा मागचं दार उघडं ठेवत. हे कोणत्याही ठरावात नव्हतं. माझी वर्गणी भरताना मी खजिनदारांना पावतीवर 'अभ्यासिका' असं लिहायला सांगितलं. ते म्हणाले, असं खातंच नाही. पुढच्या सभेत पहिला विषय तोच घ्यावा.

(माजी विद्यार्थी, एस.एस.सी. मार्च १९८४)