नील बेटावर सूर्य पुण्याआधी मावळतो

अंदमानला निघताना घड्याळाच्या पुणेरी सवयी घरीच ठेवाव्यात. ही बेटं पुण्याच्या पूर्वेला जवळजवळ 19 रेखांशांवर, पण घड्याळ तेच. त्यामुळे डिसेंबरात पहाटे साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी पाचलाच सूर्य टेकतो. दुपारी जेवून आडवं होणाऱ्यांचा सूर्यास्त हमखास हुकणार.

पोर्ट ब्लेअरचं (आता श्री विजयपुरम) सेल्युलर जेल पाहिलं. सातपैकी तीनच बाजू उभ्या आहेत. सावरकरांच्या कोठडीपाशी आपलीच माणसं जास्त, ‘पुण्यात कुठं?’ ही चौकशीही तिथे झालीच. हॅवलॉक बेटाचा राधानगर किनारा देखणा, पण गर्दी फार.

जीव रमला तो नीलवर. 2018 पासून त्याचं नाव शहीद द्वीप, पण बोटीवाल्यांच्या तोंडी नीलच. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं हे बेट. गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर! किनारा सोडून स्कूटर जरा आत घातली की भाजीचे मळे आणि सुपारीच्या बागा लागतात.

लक्ष्मणपूरची खडकाची नैसर्गिक कमान मात्र ओहोटीलाच गाठायची. भरती-ओहोटीच्या वेळा हॉटेलवाल्यांना पाठ असतात, आदल्या रात्रीच विचारून ठेवा. पाणी हटलं की खडकांतली डबकी उघडी पडतात. एकात काळी समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा समुद्री जीव) लोळत होती. शेजारी खडकात रुतलेला मोठा शिंपला, काठाला मोरपंखी निळी झालर. आमची सावली पडली मात्र, त्याने झालर आत ओढून तोंड मिटलं. चपला पकड असलेल्याच घाला, शेवाळ फार आहे. शंख-शिंपले, प्रवाळ खिशात टाकू नका, विमानतळावर काढून घेतात.

जेवायला बाजारातली बंगाली खानावळ. भात, डाळ, आलूभाजा आणि मोहरी वाटून केलेलं माशाचं कालवण. सासूबाई मूळच्या मालवणच्या, त्यामुळे निकाल लगेच लागला: “कोकम नाही, तिरफळं नाहीत, आणि नाकात जातंय नुसतं!” तरी रस्सा दोनदा मागून घेतला. मालकीणबाईंनी मग माशाचं डोकं त्यांच्याच ताटात वाढलं. तो मान असतो म्हणे.

बरेच लोक नील सकाळच्या बोटीने येऊन दुपारच्या बोटीने उरकतात. तसं करू नका, मुक्काम टाका. सीतापूरचा सूर्योदय त्याशिवाय मिळत नाही, आणि ओहोटी काही बोटीचं वेळापत्रक पाहून लागत नाही.