आगरी टाळ्यांपुरती
आज ठाण्यातल्या कोलशेतला प्रचारसभेत उभा होतो. उमेदवाराने सुरुवात आगरीत, म्हणजे इथल्या आगरी लोकांच्या बोलीत केली. 'आमचे गावान' म्हणताच पुढच्या रांगेतल्या आज्या खुलल्या, शिट्ट्या पडल्या. मग विषय निघाला पाणीपट्टीचा, आणि स्वारी थेट फायलीतल्या मराठीत: 'सदर योजनेअंतर्गत पात्र लाभार्थ्यांना...' आज्या आपापसात गप्पा मारायला लागल्या. जिव्हाळा बोलीत, कारभार प्रमाणभाषेत. जाहीरनाम्यात तर आगरीचा एक शब्द नाही (अख्खा वाचला, हौस!).

मराठी कथा-कादंबऱ्यांतही बरीच वर्षं बहुतेक हीच वाटणी होती. पात्रं अवतरणचिन्हांत बोलीत बोलणार, निवेदक बाहेर उभा राहून शुद्ध मराठीत त्यांच्याबद्दल सांगणार. म्हणजे शहाणपण कोणाकडे, ते पहिल्याच पानावर ठरलेलं. भाऊ पाध्यांनी १९६५ साली 'वासूनाका'त निवेदनच नाक्यावरच्या पोराच्या तोंडी दिलं आणि केवढा गहजब झाला! आरोप अश्लीलतेचा होता. मला वाटतं, दुखणं आणखी खोल होतं: ज्याच्याबद्दल बोलायचं तोच बोलायला लागला.

असो. पाणीपट्टीचा हिशोब आगरीत समजावणारा उमेदवार कुणाला दिसला तर कळवा. पक्ष नंतर बघू.