विषाणूजन्य न्यूमोनियानंतर फुप्फुसं भरून येताना: माझा अनुभव

फ्लू फुप्फुसात उतरला आणि मला हाय-फ्लो ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. त्यातून सुटून घरी आले, ताप गेला, पण धाप काही जाईना. बसल्या जागी ऑक्सिमीटर ९६ दाखवायचा. खोलीत चार फेऱ्या मारल्या की ८८! मशीनच बिघडलंय असं घरच्यांना वाटायचं.

डॉक्टरांनी उलगडा केला. बसलेलं असताना रक्त वायुकोशाला, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्याशा पिशवीला, साधारण पाऊण सेकंद लगटून जातं. भिंत सुजलेली असली तरी तेवढ्या वेळात प्राणवायू घेता येतो. चालताना रक्त वेगाने पुढे सरकतं, मग तो वेळ पुरत नाही.

ही भिंत दुरुस्त कशी होते, ते ऐकून मला खरा धीर आला. तिच्यावर मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या अगदी पातळ, पसरट. सुमारे ९५ टक्के जागा त्यांचीच आणि प्राणवायू जातो तो त्यांच्यातून. दुसऱ्या लहान, गोलसर. त्या सरफॅक्टंट नावाचा निसरडा थर तयार करतात, म्हणून श्वास सोडल्यावर वायुकोश मिटत नाहीत. आजारात पसरट पेशी मोठ्या प्रमाणावर मेल्या की या गोलसर पेशी विभागतात आणि त्यांच्यातल्या काही चपट्या होत होत मेलेल्यांची जागा घेतात. मॅक्रोफेज पेशी मधला कचरा उचलतात. मात्र हे रूपांतर अर्ध्यावर अडकलं आणि कोलॅजन, म्हणजे व्रणातलं तंतूंसारखं प्रथिन, साचत राहिलं, तर फायब्रोसिस होतो, म्हणजे फुप्फुस कडक होऊन त्यावर व्रण राहतो. मला भीती होती ती याचीच.

तीन चेंडूंचं स्पायरोमीटर मी नेमाने ओढत होते. त्याने खोल श्वासाची सवय होते, मिटलेले भाग उघडायला मदत होते. नव्या पेशी मात्र त्याने येत नाहीत. हे कळल्यावर चेंडू वर गेला नाही तरी रडू येईनासं झालं. चालणं रोज थोडं वाढवलं, आकडा ९०च्या खाली गेला की थांबायचं.

खरी प्रगती दाखवली ती डीएलसीओ चाचणीने. फुप्फुसातून वायू रक्तात किती सहज जातो, ते ती मोजते. नाकाला चिमटा, तोंडात नळी, किंचित कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा पूर्ण आत घ्यायची आणि १० सेकंद धरून ठेवायची. पहिल्या वेळी सातव्या-आठव्या सेकंदालाच खोकला फुटला. पुढच्या तपासण्यांत आकडा हळूहळू चढत गेला. साधी स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून किती हवा बाहेर पडते ते मोजणारी चाचणी, त्याआधीच नॉर्मल आली होती, त्यामुळे तेवढ्यावर समाधान मानू नका, असं मी आवर्जून सांगेन.

सीटी स्कॅनमधले काचेसारखे धुरकट डाग बहुतेक विरले. डाव्या फुप्फुसाच्या तळाशी एक रेघ उरली आहे. ती वाढत नसल्याने औषध नको, वर्षाने पुन्हा डीएलसीओ करू, असं डॉक्टरांनी सांगितलंय.