चतुर्थीच्या आत अ‍ॅम्प्लिफायर

वाडीतल्या भजनाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर गेल्या गणपतीत पखवाजाच्या पहिल्याच थापेला बसला. "नवा कशाला, मी बनवतो," असं बोलून गेलो आणि अडकलो.

पहिले काही महिने व्हिडिओ बघण्यात वाया गेले. प्रत्येकाचं सर्किट निराळं, पण हाच कपॅसिटर का हे कोणी सांगेना. शेवटी एलएम१८७५ या आयसीची (अख्खा अ‍ॅम्प्लिफायर एकाच चिपमध्ये) डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, उतरवून घेतली. फुकट मिळते आणि सर्किट त्यातच काढलेलं असतं. २० वॅट म्हणजे आमच्या माजघराला पुष्कळ. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा) १० च्या खाली नेला तर आयसी स्थिर राहत नाही, आणि सप्लायचे प्लस-मायनस मिळून ६० व्होल्टच्या वर जायचं नाही. म्हणून १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर (मधल्या तारेच्या, म्हणजे सेंटर टॅपच्या, दोन्ही बाजूंना १८ व्होल्ट एसी) ठरवला: एसीचा डीसी करताना १८ गुणिले १.४१४, त्यातून डायोडचे वजा, म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण २४. आमच्याकडे रात्री व्होल्टेज चढतं, तरी भीती नाही.

सामान चुलतभावाने मे महिन्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलं. परत जाताना हापूसची पेटी घेऊन गेला, हिशेब मिटला.

जोडणी झाल्यावर बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांना दाखवली. ते म्हणाले, "थेट लायनीर लावू नको हां. आधी सिरीजमध्ये बल्ब लाव." १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला, बटण दाबलं, आणि बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला. म्हणजे कुठेतरी शॉर्ट, करंट भलताच वाहतोय. या आयसीची धातूची पाठ मायनस सप्लायला जोडलेली असते. डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलंय, मी वाचलंही होतं, आणि तरी ती उघडीच हीटसिंकवर (आयसी थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) कसली होती. हीटसिंक पत्र्याच्या कॅबिनेटला, कॅबिनेट ग्राउंडला. बल्ब नसता तर ट्रान्सफॉर्मरही गेला असता. मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचा बूश घातला. आता बल्ब क्षणभर लुकलुकून विझला.

मग हमिंग, स्पीकरमधून सततची घूं. इनपुट शॉर्ट केलं तरी जाईना, म्हणजे माइकच्या मिक्सरचा दोष नव्हता. मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये टोक १०० हर्ट्झला दिसलं. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून इनपुटला आलेलं असतं तर मुख्यतः ५० ला दिसायला हवं होतं; १०० म्हणजे डायोडनंतरच्या सप्लायचं. एलटीस्पाइसमध्ये (कॉम्प्युटरवर सर्किट चालवून बघायचं सॉफ्टवेअर, हेही फुकट) सर्किट काढलं आणि ग्राउंडच्या वायरलाही २० मिलिओहमचा रेझिस्टर धरून बघितला. तिथे उलगडा झाला. फिल्टर कपॅसिटर भरताना त्या वायरीतून ५ अँपिअरचा झटका गेला, तर तिच्या दोन टोकांत ०.१ व्होल्टचा फरक पडतो. इनपुटचं ग्राउंड मी नेमकं त्याच वायरीवर टेकवलं होतं, आणि आयसी तो फरक इमानदारीत २० पट करून स्पीकरला देत होता. सेंटर टॅप थेट कपॅसिटरांच्या सांध्यावर नेला, तिथून पुढे एक बिंदू ठरवून इनपुट आणि स्पीकरची ग्राउंडं वेगवेगळ्या वायरींनी तिथे आणली. आवाज गेला.

खाऱ्या हवेबद्दल मात्र मला कुठेच काही वाचायला मिळालं नाही. जुलैत बोर्डाचं तांबं हिरवट व्हायला लागलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स धुतला, पाऊस उघडला तेव्हा उन्हात सुकवून वर क्लिअर लॅकर मारला. व्हॉल्यूमची खरखर अजून अधूनमधून येते.

चतुर्थीच्या रात्री बुवांनी पेटी ओढली, जुन्या सवयीने स्पीकरकडे कान केला आणि मला विचारलं, "अरे, चालू केलंस मा?"